ठाणे-नवी मुंबईत नव्यानं आलात? रोजची ब्रा आणि रोजचा मेकअप इथल्या हवेला झेपेल असा निवडा

नागपूर, परभणी, सोलापूर, जळगावकडून नोकरीला किंवा शिकायला इकडे आलेल्या मुलींची पहिल्या महिन्यातली तक्रार ठरलेली असते. "गावाकडं त्रेचाळीस डिग्रीत फिरले, पण असं चिकचिक कधी झालं नाही." खरंच आहे ते. तिकडचं ऊन कडक, पण हवा कोरडी. घाम आला की वाळतो. इकडे खाडी आणि समुद्र जवळ. हवेत आधीच इतका ओलावा असतो की घाम अंगावरून हलतच नाही. म्हणून तिकडे वर्षानुवर्षं चाललेली जाड पॅडची ब्रा इथे दुपारपर्यंत ओलीचिंब होते, आणि तिकडे लग्नात रात्रीपर्यंत टिकलेलं फाउंडेशन इथे घरून निघून ऐरोली स्टेशन येईपर्यंत हनुवटीवर उतरतं.

यात तुमच्या शरीराचा किंवा चेहऱ्याचा काही दोष नाही. निवडायची रीत मात्र बदलावी लागते. दुकानातल्या आरशात काय छान दिसतं ते जरा बाजूला ठेवा, आणि संध्याकाळी सातच्या ठाणे-पनवेल लोकलमध्ये, लेडीज डब्यात उभं असताना अंगावर काय नकोसं होत नाही, ते बघा. पुढचं सगळं त्याच हिशेबानं लिहिलं आहे.

आधी टेप, मग दुकान

शिंप्याकडे असते तशी मऊ टेप विकत घ्या. कुठल्याही शिलाई साहित्याच्या दुकानात मिळते. पातळ, पॅड नसलेली ब्रा घालून आरशासमोर उभ्या राहा. पहिलं माप छातीच्या बरोबर खाली, बरगड्यांवर. टेप पाठीमागेही सरळ आडवी राहिली पाहिजे, श्वास सोडलेला असावा आणि टेप अंगाला चिकटून असावी. दुसरं माप छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून, टेप न आवळता. दोन्ही सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा.

आता हिशेब. छातीखालचं माप 68 ते 72 सेंटिमीटर असेल तर साधारण 32 नंबर, 73 ते 77 असेल तर 34, 78 ते 82 असेल तर 36, 83 ते 87 असेल तर 38. कप ठरतो दोन मापांमधल्या फरकावर: 12 ते 14 सेंटिमीटर फरक असेल तर ए, 14 ते 16 ला बी, 16 ते 18 ला सी, 18 ते 20 ला डी. जुन्या होजिअरी दुकानांत इंचाचा हिशेब चालतो. छातीखालचं माप सम आलं तर त्यात 4 मिळवायचे, विषम आलं तर 5. म्हणजे 28 इंच असेल तर 32 नंबर, 29 असेल तर 34. दोन्ही वाटांनी नंबर बहुतेक तोच येतो. तरी प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो, म्हणून पाकिटामागचे सेंटिमीटर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात माप घेऊ नका. त्या दिवसांत छाती जड होते, काहींची चांगलीच फुगते. पाळी संपल्यावर घेतलेलं माप खरं. आणि वजन चार-पाच किलोनं इकडेतिकडे झालं, बाळंतपण झालं किंवा चाळिशी ओलांडली, की पुन्हा टेप काढा. कॉलेजात असताना ठरलेला नंबर पुढची पंधरा वर्षं तोच मागणाऱ्या कितीतरी बायका आहेत, आणि त्यातल्या बहुतेकींना वाटतं की ब्रा म्हटलं की टोचणारच.

मापाचा फरक किती पडतो ते सांगते. माझ्यासोबत राहणारी परभणीची एक मुलगी कायम 34 बी घ्यायची. पाठीमागचा पट्टा वर सरकायचा, म्हणून ती खांद्याचे स्ट्रॅप आवळायची, आणि रात्री खांद्यांवर लाल खाचा. तिला नौपाड्यात गोखले रोडच्या एका होजिअरीच्या दुकानात नेलं. काउंटरमागच्या काकूंनी तिला आत नेऊन टेप लावली: खाली 71, वर 88. काकू म्हणाल्या, "अगं, तू बत्तीस सी आहेस. कप तोच आहे बघ तुझा, पट्टा फक्त सैल घालत होतीस." ती आधी सी ऐकूनच बिचकली. सी म्हणजे खूप मोठी, अशी तिची समजूत. पण कपचं अक्षर एकटं काहीच सांगत नाही. 32 सी, 34 बी आणि 36 ए या तिन्हींच्या कपात जवळपास सारखीच जागा असते, बदलतो तो पट्टा. बत्तीस सी घालून ती बाहेर आली तेव्हा तिनं दोन्ही हात वर केले, खाली वाकली, पाठ चाचपली. पट्टा जागचा हलला नव्हता.

ट्रायल रूममध्ये काय तपासायचं

छातीचा भार पेलायचं काम मुख्यतः खालच्या पट्ट्याचं आहे, स्ट्रॅपचं नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मे प्रश्न सुटतात. नवी ब्रा नेहमी सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सगळ्यात सैल हुकावर नीट बसली पाहिजे. इलास्टिक वापरानं सैल होतं, मग आतले हुक कामाला येतात. नवी असतानाच आतल्या हुकावर लावावी लागत असेल तर एक नंबर कमी घ्या.

पट्ट्याखाली दोन बोटं आरामात गेली पाहिजेत, मूठ जायला नको. पाठीमागे पट्टा पुढच्याइतक्याच उंचीवर हवा. वर चढत असेल तर तो सैल आहे. कपाच्या कडेवरून किंवा काखेकडून मांस बाहेर येत असेल तर कप लहान. कपात सुरकुती पडत असेल तर आधी स्ट्रॅप थोडे आवळून बघा, तरीही राहिली तर कप मोठा. तार असलेली ब्रा असेल तर तार बरगडीवर सपाट टेकली पाहिजे, छातीवर चढायला नको. हे सगळं झालं की खुर्चीवर बसून बघा. उभं असताना छान बसलेली ब्रा बसल्यावर पोटाच्या वर टोचते, आणि ऑफिसात आपण आठ-नऊ तास बसलेल्याच असतो.

छोट्या दुकानांत ट्रायल मिळतेच असं नाही. काही ठिकाणी काउंटरवर पुरुष असतात आणि नंबर मोठ्यानं सांगायला अवघड वाटतं. अशा वेळी नंबर, कप आणि कापड मोबाइलवर लिहून समोर धरा. "दादा, लेडीज स्टाफ आहे का?" असं विचारायलाही हरकत नाही, बहुतेक ठिकाणी कुणीतरी असतं. पहिल्या खरेदीला मात्र ट्रायल देणारंच दुकान निवडा: वाशी किंवा सीवूड्सच्या मॉलमधली मोठी दुकानं, किंवा कंपनीचं स्वतःचं दुकान. एकदा तुमचा नंबर आणि मॉडेल पक्कं झालं की तेच पुढे गोखले रोडला, जांभळी नाक्याला किंवा ऑनलाइन घ्या. ऑनलाइन घेताना परतीचा नियम आधी वाचा. आतले कपडे पुष्कळदा परत घेत नाहीत किंवा फक्त बदलून देतात.

कापड आणि प्रकार

इथल्या हवेत रोजच्यासाठी सुती होजिअरी, थोडं स्ट्रेच मिसळलेलं, आणि पॅड नसलेलं. माझं मत ठाम आहे. पॅडमधला स्पंज घाम पितो आणि लवकर सोडत नाही. पावसाळ्यात तर धुतल्यावर दोन-दोन दिवस वाळत नाही. टी-शर्टखाली शिवण दिसते म्हणून पॅडेड लागतेच असं वाटत असेल तर पातळ कपाची, शिवण नसलेली ब्रा घ्या. मोडाल नावाचं कापड मिळालं तर जरूर बघा. मऊ असतं, घाम शोषतं, फक्त किंमत जरा जास्त. पूर्ण नायलॉनची लेस असलेली ब्रा आवडत असेल तर ती एसी ऑफिसच्या किंवा समारंभाच्या दिवशी घाला. ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाणे-पनवेल लोकलच्या गर्दीत ती काखेजवळ घासते.

पांढऱ्या किंवा फिकट कुर्त्याखाली पांढरी ब्रा उठून दिसते. स्वतःच्या त्वचेच्या रंगाच्या जवळची घ्या, मग ती दुकानात "स्किन" म्हणून दाखवतात त्यापेक्षा गडद तपकिरी असली तरी. पावसात भिजल्यावर हा फरक फारच कळतो. जून ते सप्टेंबर पर्समध्ये एक गडद ओढणी असावी.

खांद्याला लॅपटॉपची सॅक असेल तर एक बारीक गोष्ट बघा. स्ट्रॅप लहान-मोठा करायची प्लास्टिकची किंवा धातूची कडी पुढे खांद्याजवळ असेल, तर सॅकचा पट्टा नेमका तिच्यावर दाबतो आणि कॉलरबोनजवळ काळा डाग पडतो. कडी पाठीमागे असलेली ब्रा घ्या. रुंद स्ट्रॅप असला तर आणखी बरं.

तलावपाळीला किंवा पाम बीच रोडला सकाळी चालायला, पळायला जात असाल तर स्पोर्ट्स ब्रा वेगळीच हवी, आणि व्यायाम झाला की लगेच बदलायची. घामट स्पोर्ट्स ब्रा अंगावर ठेवून तशाच नाश्त्याला बसणं हे घामोळ्यांना आमंत्रण. घरी असताना काहीच घातलं नाही तरी चालतं. बिगर हुकाची, मऊ, सैल अशी घरगुती ब्रा किंवा कॅमिसोल घालून बऱ्याच जणींना बरं वाटतं. रात्री घालावी की नाही हा पूर्ण तुमच्या सुखाचा प्रश्न. न घातल्यानं छाती ओघळते या म्हणण्याला आधार नाही. त्यात वय, वजनातले चढउतार, गरोदरपण आणि आनुवंशिकता यांचा वाटा असतो.

काळ्या किंवा तारेच्या ब्रामुळे कर्करोग होतो, हा मेसेज कुटुंबाच्या ग्रुपवर अजून फिरतो. 2014 साली अमेरिकेतल्या सिअॅटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रानं पाळी थांबलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रा दिवसात किती तास घालतात, तारेची घालतात का, कपचा आकार काय, कुठल्या वयात सुरू केली, यातल्या कशाचाही स्तनांच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. तेव्हा ही भीती सोडा. मात्र गाठ लागली, एका बाजूची त्वचा आत ओढल्यासारखी दिसली किंवा स्तनाग्रातून रक्त किंवा पाणी आलं, तर ब्रा बदलत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.

धुणं आणि वाळवणं

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे मुलींचं नुकसान निव्वळ संकोचापायी होतं. पीजीत किंवा चाळीत ब्रा टॉवेलखाली, नाहीतर परकराच्या आत लपवून वाळत घालतात. वारा लागत नाही, ऊन लागत नाही, आणि सकाळी घाईत तीच किंचित ओलसर ब्रा अंगावर. छातीच्या खालच्या घडीत आधीच घाम असतो. त्यात ओलं इलास्टिक दिवसभर घासत राहिलं की लाली, खाज आणि मग बुरशी. दोरीवर उघडी वाळत घाला. बाल्कनी रस्त्याकडे असेल आणि अवघड वाटत असेल तर खोलीतच पंख्याखाली क्लिपचा गोल हँगर टांगा. त्याला आठ-दहा चिमटे असतात आणि भांड्यांच्या दुकानातही मिळतो.

हातानं, साध्या पाण्यात, थोड्या साबणानं धुवा. साबण जास्त झाला तर तो सुती कापडात राहतो आणि घामासोबत खाजवतो. तुमच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर एकदा जास्त खळबळून काढा. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा. वाळत घालताना स्ट्रॅपला टांगू नका, पाण्याच्या वजनानं ते लांबतात. खालच्या पट्ट्याला चिमटा लावून उलटी टांगा. मशिनमध्येच टाकायची असेल तर हुक लावून, जाळीच्या पिशवीत. ब्लीच अजिबात नको, इस्त्रीही नको.

एकच ब्रा सलग दोन दिवस घालू नका. इलास्टिकला पूर्ववत व्हायला वेळ लागतो आणि कापडही पूर्ण वाळतं. पावसाळ्याच्या हिशेबानं चार रोजच्या आणि एक व्यायामाची असेल तर सुखानं भागतं. पट्टा शेवटच्या हुकावरही सैल लागायला लागला की ती ब्रा निवृत्त करा, कप कितीही चांगले असले तरी.

खाज आणि गोल लाल चट्टा उठला तर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय "खाजेची ट्यूब" आणू नका. अशा अनेक ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत तीव्र स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस आराम पडतो, मग गजकर्ण आणखी पसरतं आणि ओळखूही येईनासं होतं. नाजूक घडीतली त्वचा पातळ होऊन तिथे कायमचे पांढुरके वण पडतात. भाग कोरडा ठेवा, सुती कापड वापरा, आणि तीन-चार दिवसांत उतरलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.

चेहरा: कमी, पण योग्य क्रमानं

मेकअप करायलाच हवा असं काही नाही. ज्यांना आवडतो त्यांच्यासाठी पुढचं.

पहिलं पाऊल म्हणजे नवी वस्तू चेहऱ्यावर लावण्याआधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस वाट बघणं. खाज, लाली, पुटकुळ्या आल्या नाहीत तरच पुढे. उद्या मैत्रिणीचा साखरपुडा आणि आज नवीन फाउंडेशन, असं करू नका.

रोजचा क्रम असा ठेवा: तोंड धुणं, हलकं जेल मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, मग हवं असेल तर बीबी क्रीम (फाउंडेशनपेक्षा पातळ, त्वचेच्या रंगाचं क्रीम), काजळ, लिपस्टिक. चेहरा तेलकट आहे म्हणून मॉइश्चरायझर गाळू नका. एसीमध्ये दिवसभर बसल्यावर त्वचा वरून तेलकट आणि आतून ओढलेली अशी दोन्ही होते. सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा जास्त आणि पुढे पीए प्लसच्या तीन-चार खुणा असलेलं घ्या. एसपीएफ हा आकडा त्वचा भाजणाऱ्या किरणांसाठी, पीए हे काळेपणा आणि सुरकुत्या आणणाऱ्या किरणांसाठी. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा चेहऱ्याला आणि मानेला पुरतात. बहुतेक जणी याच्या निम्मंही लावत नाहीत. घामाच्या हवेत जेल किंवा पाण्यासारखं पातळ सनस्क्रीन चांगलं. लावल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, तेवढ्यात डबा भरून होतो.

रोजच्यासाठी जाड फाउंडेशन टाळा असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. बीबी क्रीमचा हलका हात, आणि डाग असतील तिथेच बोटाच्या टोकानं थोडं कन्सीलर, इतकं पुरतं. घाम येतो तेव्हा जाड थर भेगाळतो, पातळ थर पुसला तरी सारखा पुसला जातो.

शेड निवडताना मनगटावर लावून बघू नका, जबड्याच्या रेषेवर लावा, म्हणजे गाल आणि मान दोन्हींशी जुळते का ते कळेल. मॉलचे पिवळे दिवे फसवतात. लावून दुकानाबाहेर या, उजेडात मोबाइलचा कॅमेरा उघडून बघा, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. काही फाउंडेशन हवा लागल्यावर एक छटा गडद होतात. विक्रेती मुलगी "दीदी, एक शेड लाइट घ्या, ब्राइट दिसाल" म्हणेल. तिच्यावर रागावू नका, तिला तसंच शिकवलेलं असतं. पण घेऊ नका. सावळ्या चेहऱ्यावर फिकट शेड राखेसारखी दिसते, आणि घाम आला की मान एका रंगाची, चेहरा दुसऱ्या. स्वतःच्या रंगाची शेड सापडली की मेकअप केलाय हे कळतही नाही.

टेस्टरची लिपस्टिक थेट ओठाला लावू नका, हाताच्या मागे लावून बघा.

काजळ, टिकली, लिपस्टिक

काजळ पसरतं त्याला बहुतेकदा पापण्यांखालचं तेल आणि सनस्क्रीन कारणीभूत असतं. आधी टिश्यूनं डोळ्याखालचा भाग टिपा, अगदी चिमूटभर पावडर बोटानं दाबा, मग जेलचं, वाळून बसणारं काजळ लावा. पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर लावण्याऐवजी केसांच्या मुळाशी लावलंत तर टिकतंही जास्त आणि डोळ्यात जातही नाही. लेन्स घालत असाल तर आधी लेन्स, मग मेकअप. रात्री आधी लेन्स काढायच्या, मग मेकअप पुसायचा. काजळ रूममेटला देऊ नका. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली होती, आणि अशा दिवसांत एक पेन्सिल दोघींनी वापरली की डोळ्यांचा संसर्ग एकीकडून दुसरीकडे गेलाच. जत्रेतला बिनलेबलचा सुरमा अजिबात नको, त्यात शिसं असू शकतं.

टिकलीचा विषय मेकअपच्या लेखांत सहसा येत नाही, पण आपल्याकडे यायला हवा. स्वस्त टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनानं कपाळावर आधी खाज येते आणि पुढे टिकलीच्याच मापाचा पांढरा डाग पडू शकतो. त्वचेचे डॉक्टर हे नेहमी बघतात. रात्री टिकली काढून ठेवा, तीच टिकली आरशावरून काढून रोज लावू नका, आणि जरा जरी खाजलं तर टिकली थांबवून काही दिवस कपाळ मोकळं सोडा. डाग दिसला तर कोडाच्या भीतीनं लपवू नका, लवकर दाखवा.

लिपस्टिकआधी लिप बाम लावून टिपून घ्या. मॅट लिक्विड लिपस्टिक टिकते चांगली, पण रोज लावली तर ओठ सोलपटतात. आठवड्यातले काही दिवस साधी क्रीमची लिपस्टिक वापरा.

दिवसभर आणि रात्री

पर्समध्ये ब्लॉटिंग पेपर किंवा साधे टिश्यू, कॉम्पॅक्ट, लिपस्टिक, दोन सेफ्टी पिना. घाम आला की आधी टिपा, दाबून; पुसू नका. टिपल्याशिवाय वरून कॉम्पॅक्ट लावली तर घामात तिचे गोळे होतात आणि नाकाशेजारी रेघा पडतात. ऑक्टोबर हीटमध्ये तर सकाळी स्टेशनपर्यंत फक्त सनस्क्रीन लावून जा आणि बाकीचं ऑफिसच्या वॉशरूममध्ये करा. ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कांत सकाळी नऊच्या सुमाराला वॉशरूमचा आरसा म्हणूनच इतका गजबजलेला असतो.

रात्री कितीही दमलात तरी मेकअप काढल्याशिवाय झोपू नका. मायसेलर वॉटर किंवा क्लेन्झिंग बाम, त्यानंतर फेसवॉश. खोबरेल तेलानं काजळ सुरेख निघतं, पण मुरुमं येणाऱ्यांनी ते पूर्ण चेहऱ्याला चोळू नये. स्पंज आणि ब्रश आठवड्याला धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ब्रावर जी बुरशी येते, तशीच ओल्या स्पंजवरही येते.

डबीवर काय वाचायचं

उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात 6एम, 12एम असं लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तितके महिने ती वस्तू वापरायची. मस्कारा तीन ते सहा महिन्यांत टाकून द्या, अर्धा उरला तरी. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तारीख आणि एमआरपी नसलेली वस्तू घेऊ नका. स्टेशनबाहेर मोठ्या ब्रँडच्या नावात एखादं अक्षर बदललेली लिपस्टिक शंभर रुपयांत मिळते. स्टेशनबाहेरून क्लिपा घ्या, रुमाल घ्या, पण ओठाला आणि डोळ्याला लागणारी वस्तू नको.

आणि गोरं करणारी क्रीम. इथे मी जोर देऊन सांगते. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींनी ब्युटीपार्लरमधून मिळालेली क्रीम लावली आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयानं छडा लावला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. 2023 च्या सुरुवातीला ही बातमी सगळीकडे आली होती. भारतात पारा घालून सौंदर्यप्रसाधनं बनवायला मनाई आहे, तरी लेबल नसलेल्या डब्या पार्लरांतून आणि इन्स्टाग्रामवरून विकल्या जातात. दुसरा धोका स्टेरॉइडच्या ट्यूबचा. आठवड्यात चेहरा उजळतो, थांबवली की लाल होतो, मुरुमं फुटतात, ओठांवर लव वाढते, उन्हात जाता येत नाही. महिनोन्महिने लागतात सावरायला. पीजीत एखादी मैत्रीण "माझी क्रीम लावून बघ, आठ दिवसांत फरक" म्हणाली, तर प्रेमानं नाही म्हणा आणि तिलाही पाकीट वाचायला लावा.

अशी काही क्रीम आधीच लावत असाल तर लाज वाटून घेऊ नका. डोळ्यांखाली किंवा पायांवर सूज आली असेल, लघवीला फेस येत असेल, तर ताबडतोब दाखवा. फक्त चेहरा लाल होऊन आग होत असेल तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा. खासगी फी परवडत नसेल तर ठाणे महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय आहे. जाताना ती डबी, ट्यूब, खोका, बिल, जे हाताशी असेल ते सोबत न्या. डबीवर लेबल नसेल तरी फेकू नका, झाकण लावून प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. आत काय होतं हे शोधायला डॉक्टरांना तीच लागते.